बेळगावच्या हवेत बांधलेले ‘एंडेव्हर’

अठराव्या शतकातील ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक यांच्या ‘एंडेव्हर’ या जहाजाची १:६० प्रमाणातील लाकडी प्रतिकृती घडविण्याचा एका युरोपीय कंपनीचा संच मी बेळगावात राहून पूर्ण केला. तो घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी त्याचे परीक्षण येथे सविस्तर देत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. संचातील लाकूड उत्तम आहे, आराखडे विश्वासार्ह आहेत, माहितीपुस्तिका अपुरी आहे आणि दोरकामाचा धागा बदलल्यावाचून गत्यंतर नाही. या संचाचा सारा आनंद आणि सारी कसोटी सांगाड्यावर लाकडी पट्ट्या चढविण्याच्या कामात आहे, आणि ते काम आपल्या भागात वर्षाच्या कोणत्या काळात हाती घ्यावे याविषयी पुस्तिकेत एक अक्षरही नाही. म्हणून या परीक्षणात त्याच भागाला सर्वाधिक जागा दिली आहे.

‘एंडेव्हर’ची निवड मी जाणीवपूर्वक केली. हे जहाज १७६४ मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी येथे ‘अर्ल ऑफ पेंब्रोक’ या नावाने कोळसा वाहण्यासाठी बांधले गेले. पुढे १७६८ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते कुक यांच्या नेतृत्वाखाली प्रशांत महासागराकडे निघाले. लांबी सुमारे तीस मीटर, रुंदी जवळजवळ नऊ मीटर, तळ सपाट आणि पुढचा भाग घागरीच्या पोटासारखा फुगीर, अशी त्याची ठेवण होती. वेगवान युद्धनौकेचा डौल त्यात नाही. मात्र जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळखडकावर ते आपटले, तेव्हा याच सपाट तळामुळे ते नदीकाठी ओढून घेता आले आणि तेथे त्याची दुरुस्ती झाली. प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, आरमाराने खरेदीच्या वेळी डेप्टफर्ड येथे काढलेले या जहाजाचे मूळ आराखडे आजही ग्रीनविचच्या संग्रहालयात जपलेले आहेत. त्यामुळे संचातील आकार बरोबर आहेत की नाहीत हे पडताळून पाहता येते. कल्पनेने रचलेल्या जहाजांच्या संचांबाबत ही सोय नसते.

संचाची किंमत कमी नाही. मूळ किमतीवर टपालखर्च, सीमाशुल्क आणि कर चढून माझ्या हाती पडेपर्यंत ती जवळजवळ दीडपट झाली होती. मागवणाऱ्याने हा हिशेब आधीच करून ठेवावा, म्हणजे खोके दाराशी आल्यावर मन खट्टू होत नाही. पेटी मात्र व्यवस्थित बांधलेली होती. लेझरने कापलेले प्लायवूडचे तक्ते, लिंडन या मऊ लाकडाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, अक्रोडाच्या सहा दशांश मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, डोलकाठ्यांसाठी गोल दांडे, पितळी चुका, ओतीव धातूचे भाग, दोर ओवायच्या लाकडी कप्प्या आणि धाग्याची रिळे हे सर्व वेगवेगळ्या खणांत लावलेले होते. अक्रोडाच्या पट्ट्यांचा रंग एकसारखा होता, ही लहान बाब नव्हे. काही पट्ट्यांना गाठी आढळल्या. त्यासंबंधी कंपनीला पत्र लिहिले असता त्यांनी विनाशुल्क दुसऱ्या पट्ट्या पाठविल्या.

आता सांगाड्याविषयी. मधोमध प्लायवूडचा एक लांब कणा आणि त्यात खाचा पाडून बसविलेले आडवे छेद, म्हणजे जहाजाच्या फासळ्या, अशी या प्रकारच्या संचांची रचना असते. खाचा इतक्या नेमक्या कापलेल्या आहेत की कोरडी जुळणी केल्यावर सांगाडा हातात उभा राहतो. परंतु प्लायवूडचा पातळ कणा प्रवासात वाकू शकतो, म्हणून सरस लावण्यापूर्वी तो सपाट पृष्ठभागावर ठेवून तपासलाच पाहिजे. आपल्याकडे यासाठी कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा सरळ तुकडा सहज मिळतो आणि तो काचेपेक्षा जड असल्यामुळे अधिक उपयोगी पडतो. कणा ओलसर करून, दोन तुकड्यांमध्ये वजनाखाली दाबून, पूर्ण सुकेपर्यंत ठेवला की सरळ होतो. वाकड्या कण्यावर बांधलेले जहाज पुढे कितीही घासले तरी सरळ दिसत नाही.

सांगाडा उभा राहिल्यावर त्या आडव्या छेदांच्या कडा घासून तिरप्या कराव्या लागतात, म्हणजे वरून जाणारी पट्टी प्रत्येक छेदावर पूर्ण रुंदीने टेकते. पुस्तिकेने हे काम एका वाक्यात उरकले आहे. प्रत्यक्षात लांब, सरळ लाकडी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून, एकाच वेळी तीनतीन छेदांवरून ती फिरवत, मध्येच एखादी सुटी पट्टी लावून पाहत हे काम करावे लागते. फुगीर नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, दोन छेदांमधील अंतर मोठे आहे आणि तेथे आधार अपुरा पडतो. कंपनीने येथे भरीव लाकडाचे ठोकळे द्यायला हवे होते, ते दिलेले नाहीत. मी बेळगावजवळच्या खानापूरच्या एका सुताराकडून हलक्या लाकडाचे उरलेले तुकडे आणून ते नाळेच्या दोन्ही बाजूंना बसविले आणि वळणानुसार कानशीने घडविले. या एका भरीमुळे पुढचे सर्व काम सोपे झाले. हा संच घेणाऱ्या प्रत्येकाने ती करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पट्ट्या चढविण्याचे गणित समजून घेतले की निम्मी भीती जाते. जहाजाचा परीघ मध्यभागी सर्वांत मोठा असतो आणि नाळेकडे तो कमी होत जातो. समजा, मधल्या छेदावर वरच्या कडेपासून कण्यापर्यंतचे अंतर १२० मिलिमीटर भरले आणि पट्टी पाच मिलिमीटर रुंद असेल, तर तेथे चोवीस पट्ट्या लागतील. नाळेपाशी तेच अंतर ८४ मिलिमीटर असेल, तर त्याच चोवीस पट्ट्या तेथे बसविण्यासाठी प्रत्येक पट्टीचे टोक साडेतीन मिलिमीटरपर्यंत निमुळते करावे लागेल. पट्टीचे टोक मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये, कारण मग तेथे चूक बसत नाही आणि लाकूड चिरते. एवढी अरुंद करण्याची वेळ आली, तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पट्टी घालून पुढे जावे. मागच्या बाजूस, सुकाणूच्या खांबाजवळ, उलट परिस्थिती येते. तेथे अंतर वाढते आणि दोन पट्ट्यांमध्ये पाचरीच्या आकाराची फट उरते. ती भरण्यासाठी निमुळत्या तुकड्यांची भर घालावी लागते, आणि खऱ्या जहाजांवरही सुतार हेच करीत असत. हे गणित पुस्तिकेत कोठेही नाही. तिच्यातील छायाचित्रांत पट्ट्या आपोआप बसल्यासारख्या दिसतात, त्यामुळे नवशिक्या माणूस पट्टी ताणून, दाबून, बळजबरीने वाकवतो आणि ती काही दिवसांनी उचकटते.

पट्ट्यांचे दोन थर असतात, आत लिंडनचा आणि त्यावर अक्रोडाचा. पट्ट्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने चढवाव्यात. एका बाजूच्या चारपाच पट्ट्या सलग लावल्या, तर सुकताना त्यांचा ताण कण्याला पीळ देतो. लिंडनची पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून इस्त्रीच्या कडेवर हळूहळू वाकविली की नाळेचे वळण सहज घेते. येथे वळण दोन दिशांना असते, म्हणजे पट्टी आत वळते आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही थोडी पिळली जाते. म्हणून ती ओली असतानाच चिमट्यांनी सांगाड्यावर बांधून सुकू द्यावी आणि सरस दुसऱ्या दिवशी लावावा. कपडे वाळत घालण्याचे साधे चिमटे येथे महागड्या परदेशी पकडींइतकेच काम देतात. अक्रोडाची पातळ पट्टी अधिक ठिसूळ असल्यामुळे तिला भिजवण्यापेक्षा वाफ आणि संयम जास्त लागतो. पहिला थर मात्र घासून गुळगुळीत केलेला असला पाहिजे, कारण त्यावरील प्रत्येक उंचवटा दुसऱ्या थरातून दिसतो.

आता हवेविषयी, कारण माझ्या मते या परीक्षणातील सर्वांत उपयुक्त भाग हाच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी पूर्वेला वसलेले आहे. जून ते सप्टेंबर येथील हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते, खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात त्याहूनही जास्त, आणि फेब्रुवारी ते एप्रिल तीच हवा कोरडी होते. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. एकेका पाच मिलिमीटरच्या पट्टीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण रुंदीत शेकडा एक इतका बदल झाला तरी चोवीस पट्ट्यांच्या १२० मिलिमीटरमध्ये तो एक मिलिमीटरहून अधिक होतो. भर पावसाळ्यात पट्ट्या घट्ट भिडवून चिकटविल्या, तर त्या उन्हाळ्यात आकसून बारीक फटी दाखवितात. एप्रिलच्या कोरड्या हवेत एकही सूत न सोडता बसविल्या, तर पावसाळ्यात त्या एकमेकींना ढकलून कोठेतरी उचलल्या जातात. म्हणून संच आल्यावर पट्ट्या पेटीत बंद न ठेवता जुडी सैल करून, ज्या खोलीत जहाज पुढे कायम राहणार आहे त्याच खोलीत, निदान महिनाभर मोकळ्या ठेवाव्यात.

काम दसऱ्यानंतर सुरू करावे, हे उत्तम. नोव्हेंबर ते जानेवारीत हवा ना फार दमट ना फार कोरडी असते आणि दोन्ही थर या काळात पुरे होतात. मृगापूर्वी लाकडाला आतून आणि बाहेरून सीलर किंवा लाखेचे पॉलिश लावून घ्यावे. आतून, यावर मी भर देतो. सांगाड्याच्या पोकळीत एकदा डेक बसला की हात जात नाही आणि बाहेरून बंद केलेले पण आतून उघडे राहिलेले लाकूड एकाच बाजूने ओलावा घेऊन वाकते. फेविकॉल पावसाळ्यात सुकण्यास बराच अधिक वेळ घेतो, तेव्हा चिमटे लवकर काढू नयेत. फेविक्विकचे नेमके उलटे आहे. तो हवेतील ओलाव्यानेच घट्ट होत असल्यामुळे पावसाळ्यात झटकन धरतो आणि आजूबाजूला पांढरट डाग सोडतो. ते अक्रोडावर फार वाईट दिसतात. बाहेरच्या थरासाठी मी फेविकॉललाच प्राधान्य देईन.

डेकच्या पट्ट्या सोप्या आहेत. एका कडेला पेन्सिल फिरवली की खऱ्या जहाजातील डांबर भरलेल्या सांध्यांची रेघ उमटते. पट्ट्या सलग न लावता दहाबारा सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे मांडावेत.

रंगाबाबत कंपनीने चांगला निर्णय घेतला आहे. ‘एंडेव्हर’च्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले नव्हते. समुद्री किड्यांपासून बचाव करण्यासाठी त्यावर लाकडाचाच जादा थर चढविलेला होता. अनेक जण दिसायला भारदस्त म्हणून जुन्या जहाजांच्या प्रतिकृतींना तांबे लावतात. या संचात तांबे दिलेले नाही आणि तळाला पांढरट रंग सुचविला आहे. तो इतिहासाला धरून आहे. तोफांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. ओतीव धातूच्या तोफांवर साच्याची शिवण ठळक दिसते आणि तोंडे मध्यभागी नाहीत. मूळ जहाजावर चार पौंडी, म्हणजे चार पौंडांचा गोळा डागणाऱ्या, दहा तोफा होत्या. त्यांतील सहा खडकावर अडकल्यावर वजन कमी करण्यासाठी समुद्रात टाकण्यात आल्या आणि १९६९ मध्ये त्या तळातून वर काढल्या गेल्या. ज्या तोफांना असा इतिहास आहे, त्या ओबडधोबड ठेवणे मला पटेना. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथवर सूक्ष्म काम करणारी मंडळी पुष्कळ आहेत. आराखड्यावरून माप देऊन पितळी सळईतून तोफा वळवून घेतल्या आणि त्या संचातील तोफांपेक्षा कितीतरी रेखीव झाल्या. परदेशी दुकानातून सुटे भाग मागविण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि काम डोळ्यांसमोर होते.

हत्यारांबाबतही असेच सांगता येईल. बारीक छिद्रांसाठी हाताने फिरवायचे ड्रिल, अर्धा ते एक मिलिमीटरच्या सुया, नाजूक चिमटे आणि छोट्या कानशी यांसाठी आपल्याकडे सोनारांची हत्यारे विकणारी दुकाने सर्वोत्तम आहेत. बेळगावच्या शहापूर भागातील सोनारकाम करणाऱ्यांना विचारले तर ते योग्य ठिकाण सांगतात.

डोलकाठ्या आणि दोरकाम हा संचाचा शेवटचा टप्पा आहे. तीन डोलकाठ्या, त्यांच्यावरील आडवे दांडे, दोन्ही बाजूंना खाली बांधलेले आधाराचे दोर आणि त्या दोरांवर खलाशांना चढण्यासाठी बांधलेल्या आडव्या पायऱ्या असे हे जाळे आहे. पायऱ्यांमधील अंतर खऱ्या जहाजावर सुमारे चाळीस सेंटिमीटर असे, म्हणजे प्रतिकृतीत साडेसहा मिलिमीटर. अशा शेकडो गाठी एकसारख्या मारायच्या असतात. मागे कागदावर रेघा आखून तो कागद दोरांच्या पाठीशी अडकविला की अंतर चुकत नाही. गाठ घट्ट ओढू नये, नाहीतर उभे दोर आत खेचले जाऊन कमरेत बारीक दिसतात.

संचातील धागा मात्र मी नाकारतो. तो सुती आहे, त्यावर लव आहे आणि जाडीचे प्रकार फारच थोडे आहेत. खऱ्या जहाजावर डोलकाठीला धरून ठेवणारे दोर डांबर चोळलेले, जाड आणि काळपट तपकिरी असत, तर शिडे हलविणारे दोर बारीक आणि फिकट असत. हा फरक दिसला नाही, तर सारे दोरकाम एकच गुंता वाटते. १:६० प्रमाणात धाग्यावरची एक मिलिमीटरची लव म्हणजे खऱ्या दोरावर सहा सेंटिमीटरचे केस. शहापूर आणि वडगाव भागात साड्यांचे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि तेथे पीळ दिलेला रेशमी धागा निरनिराळ्या जाडीत मिळतो. एका वयस्कर विणकराने मला दोन आणि तीन पदरी धाग्यांना उलटा पीळ कसा द्यायचा हे दाखविले. तसा पीळ दिला की धागा उलगडत नाही आणि दोरासारखा दिसतो. त्यांच्याकडून घेतलेल्या धाग्याला तपकिरी रंग देऊन, मेणावरून ओढून वापरल्यावर प्रतिकृतीचे रूपच बदलले. संचाबरोबर शिवलेली शिडेही येतात, पण त्यांचे टाके दीड मिलिमीटरचे आहेत, म्हणजे मूळ प्रमाणात नऊ सेंटिमीटरचे. ती न लावता डोलकाठ्या उघड्या ठेवाव्यात. दोरांची रचना अधिक स्पष्ट दिसते.

पुस्तिकेविषयी स्वतंत्रपणे एवढेच सांगावेसे वाटते की, तिच्यावर विसंबून राहू नये आणि सोबतच्या पूर्ण आकाराच्या आराखड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा. आराखडे कागदावर प्रत्यक्ष मापात छापलेले असल्यामुळे कंपासने अंतर घेऊन थेट लाकडावर उतरविता येते. पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर सदोष आहे आणि दोरकामाचे क्रमांक दोन ठिकाणी आराखड्याशी जुळत नाहीत. अशा ठिकाणी आराखडा खरा मानावा. एवढ्या किमतीच्या वस्तूबरोबर अशी पुस्तिका देणे योग्य नाही.

ज्यांनी पूर्वी कधीच लाकडी प्रतिकृती केलेली नाही, त्यांनी या संचापासून सुरुवात करू नये. फुगीर नाळ हे अनुभवी हातांचे काम आहे. एक डोलकाठीची लहान नौका, शक्य तर एकाच थराची, आधी करावी आणि मग याकडे वळावे. शाळकरी मुलांना सोबत घ्यायचे असेल, तर डेकच्या पट्ट्या आणि कप्प्या ही कामे त्यांना देता येतात आणि ती मुले ती फार मनापासून करतात. ज्यांना सुतारकामाची ओढ आहे, ज्यांच्या घरी रंधा, पटाशी पूर्वीपासून आहे, अशा व्यक्तीसाठी मात्र यासारखा संच क्वचितच सापडेल. कारण यात सुतारकामाचे जवळजवळ प्रत्येक कौशल्य लहान मापात वापरावे लागते.

या निमित्ताने एक इच्छा व्यक्त करतो. मराठा आरमाराच्या गुराबा आणि गलबते या शिडाच्या युद्धनौकांचे असे काळजीपूर्वक आखलेले संच मराठी माणसाला सहज मिळायला हवेत. आंबोली घाटाखाली सावंतवाडीत लाकडी खेळणी घडविणारे कारागीर आहेत, आपल्याच जिल्ह्यात गोकाकला खेळण्यांची जुनी कला आहे, खानापूरला लाकूड जाणणारे सुतार आहेत आणि उद्यमबागेत नेमके यंत्रकाम होते. उथळ पाण्यात फिरणाऱ्या कोकणातील नौकांचा आकार बांधायला ‘एंडेव्हर’पेक्षा अधिक सुंदर आणि नाळ अधिक निमुळती असल्यामुळे नवशिक्यांना अधिक सोपी आहे. कोणी असा संच काढला, तर तो विकत घेणाऱ्यांत माझा क्रमांक पहिला असेल.

तयार झालेले जहाज सुमारे सत्तर सेंटिमीटर लांब आणि पन्नासहून अधिक सेंटिमीटर उंच होते, तेव्हा ते ठेवण्याची जागा संच मागविण्यापूर्वीच ठरवावी. काचेची पेटी आवश्यक आहे, कारण दोरांवर बसलेली धूळ काढता काढता दोरच तुटतात. पेटीचा तळ सागवानी असावा, त्याला खालून वाळवीचे औषध लावलेले असावे आणि मागच्या बाजूस हवा खेळण्यासाठी बारीक जाळी लावलेली छिद्रे असावीत. पूर्ण बंद पेटीत आपल्या पावसाळ्यात धाग्यावर बुरशी येते. पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला ती टेकवू नये, त्या भिंती जुलैमध्ये ओल धरतात. आतल्या भिंतीशी, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी आणि सिलिका जेलची पुडी दर पावसाळ्याच्या आरंभी बदलावी.